खेळता खेळता टेनिस : लहान मुलांचे पहिले धडे

टेनिसचा चेंडू आपल्या देशातील बहुसंख्य मुलांच्या हाती प्रथम येतो तो क्रिकेटच्या निमित्ताने. गल्लीत, वाड्याच्या अंगणात, सदनिकांच्या वाहनतळावर हा पिवळसर, केसाळ चेंडू रोज उडत असतो. परंतु ज्या खेळाचे नाव त्याला मिळाले आहे, तो खेळ त्या मुलांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतो. टेनिस हा उंच कुंपणाआड, मोठ्या माणसांनी, महागड्या साधनांनिशी खेळावयाचा खेळ आहे, अशी आपली समजूत झालेली आहे. ज्या थोड्या मुलांना तो शिकविला जातो, त्यांच्यातीलही अनेक मुले वर्ष-दोन वर्षांत रॅकेट कोपऱ्यात ठेवून देतात. या प्रकरणात पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांना टेनिस कसे शिकवावे, आणि मुख्य म्हणजे त्यांचा त्यातील आनंद कसा टिकवावा, याचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभी बंगळुरातील एक लहानसा प्रसंग सांगणे उपयुक्त ठरेल. प्रस्तुत लेखकाने तो एका क्रीडासंकुलात पाहिला. शनिवारची सकाळ होती. सहा वर्षांचा एक मुलगा पूर्ण लांबीच्या मैदानावर, मोठ्या माणसाची रॅकेट दोन्ही हातांत धरून उभा होता. समोरून चेंडू येई, टप्पा पडे आणि त्याच्या डोक्यावरून निघून जाई. "बाबा, चेंडू वरूनच जातो," तो कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या वडिलांना म्हणाला. "मग जरा मागे उभा राहा ना," वडील म्हणाले. मुलगा मागे सरकला. पुन्हा चेंडू वरून गेला. तो आणखी मागे सरकला. असे करता करता त्याची पाठ मागच्या जाळीला टेकली. तेथून त्याने मारलेला एकही चेंडू मधल्या जाळीपर्यंत पोहोचला नाही. तास संपला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर दहाच मिनिटांनी तोच मुलगा जिन्याशेजारच्या भिंतीजवळ आपल्या धाकट्या बहिणीबरोबर खेळताना दिसला. चेंडू जुना, हवा गेलेला. हातात रॅकेटऐवजी वहीचा पुठ्ठा. दोघांमध्ये अंतर चार पावलांचे. दोघेही मोठमोठ्याने टप्पे मोजत होती आणि हसत होती. वडील हाक मारीत होते, पण त्यांना घरी जावयाचे नव्हते.

शिकविणाऱ्याने या दोन दृश्यांतील फरक नीट पाहावा. मुलगा तोच होता. बदलला होता तो चेंडू, बदलले होते अंतर, बदलले होते हातातील साधन. आणि मोजला जात होता तो चुकांचा आकडा नव्हे, तर दोघांनी मिळून साधलेल्या टप्प्यांचा. लहान मुलांच्या टेनिसचे सारे शास्त्र या चार गोष्टींत सामावलेले आहे.

चेंडूची उसळी आणि मुलाची उंची

नियमाप्रमाणे टेनिसचा नेहमीचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर सोडला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे ११५ सेंटिमीटरच्या आसपास असते. प्रौढ खेळाडू चेंडू सहसा आपल्या कमरेच्या सुमारास मारतो, कारण तेथे हाताला बळ मिळते आणि शरीराचा तोल राहतो. त्याच चेंडूपुढे मुलाला उभे केले तर तो चेंडू त्याच्या खांद्याशी किंवा डोक्याशी येतो. मुलाने मनगट मुरडले, रॅकेट वेडीवाकडी धरली किंवा तो मागे पळाला, तर त्यात त्याची चूक नसते. अशक्य परिस्थितीतून त्याने काढलेली ती वाट असते. दुर्दैव असे की ही वाट पुढे सवय बनते आणि ती मोडण्यात वर्षे जातात.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा विरळ असल्यामुळे चेंडू काहीसा अधिक वेगाने जातो. हे शहर हवामानाच्या दृष्टीने खेळास अनुकूल आहे यात शंका नाही. परंतु चेंडू मंद करण्याची गरज येथे इतर ठिकाणांपेक्षा थोडी अधिकच आहे.

या अडचणीवर उपाय सापडलेला आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली मंद चेंडूंच्या साहाय्याने खेळ शिकविण्याची मोहीम सुरू केली, आणि १ जानेवारी २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरू नये असा नियमच केला. मुलांसाठी तीन प्रकारचे चेंडू ठरविण्यात आले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो; तो साधारणपणे पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. नारिंगी चेंडू ५० टक्के मंद असून तो आठ ते दहा वर्षांच्या मुलांना द्यावा. हिरव्या खुणेचा चेंडू २५ टक्के मंद असतो आणि तो पिवळ्या चेंडूकडे नेणारी शेवटची पायरी होय. २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला लाल चेंडू सुमारे ९० ते १०५ सेंटिमीटर उसळतो. म्हणजे मोठ्यांना जे सुख मिळते, चेंडू कमरेशी येण्याचे, ते मुलालाही मिळू शकते.

हे चेंडू हाताशी नसतील तर निराश होण्याचे कारण नाही. नेहमीच्या चेंडूत दाबाखाली हवा भरलेली असते आणि ती कालांतराने कमी होत जाते. खेळाडूंनी टाकून दिलेले जुने चेंडू म्हणूनच नवशिक्या मुलांसाठी नव्या चेंडूंपेक्षा चांगले. स्पंजाचे चेंडूही उत्तम काम देतात आणि ते अंगावर आदळले तरी मूल घाबरत नाही.

मैदान मुलाच्या मापाचे

एकेरीच्या खेळाचे पूर्ण मैदान २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते. लाल चेंडूसाठी सुचविलेले मैदान सुमारे १०.९७ मीटर लांब व ४.८८ ते ६.१० मीटर रुंद असते. नारिंगी चेंडूसाठी लांबी सुमारे १८ मीटर धरतात. लाल चेंडूच्या मैदानावर जाळीची उंची ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी; पूर्ण मैदानावर ती मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असते.

यात एक सोयीचा योग आहे. दुहेरीच्या मैदानाची रुंदी नेमकी १०.९७ मीटरच असते. म्हणजे मोठ्या मैदानावर आडवी लहान मैदाने आखली तर एकावर चार सहज बसतात. एका मैदानावर जेथे दोन प्रौढ खेळतात, तेथे आठ मुले एकाच वेळी खेळू शकतात. जागेची टंचाई असलेल्या शहरात हा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे.

मैदानच नसेल तर शाळेचे फरसबंद अंगण, इमारतीची गच्ची (कठडा उंच असल्यास), मंदिराबाहेरील मोकळी जागा यांपैकी काहीही चालेल. खडूने रेघा आखाव्यात, दोन खुर्च्यांना दोरी बांधावी आणि दोरीवर जुनी ओढणी टाकावी. मुलाला जाळी दिसली म्हणजे पुरे. ती कशाची बनविली आहे याची चौकशी ते करीत नाही.

रॅकेटही मापाची हवी. मोठ्यांची रॅकेट साधारणपणे ६८.५ सेंटिमीटर लांब असते. लाल चेंडूच्या वयात ४३ ते ५८ सेंटिमीटर लांबीची हलकी रॅकेट योग्य. निवड करण्याची सोपी रीत अशी : मुलाने सरळ उभे राहून रॅकेट मुठीत धरावी आणि हात बाजूला सैल सोडावा. रॅकेटचे टोक जमिनीला जेमतेम टेकावे. कोपर वाकवावे लागले तर ती रॅकेट लांब आहे. "पुढल्या वर्षी उपयोगी पडेल" म्हणून गणवेश एक माप मोठा शिवावा, रॅकेट घेऊ नये. जड रॅकेटने वारंवार मारल्यास वाढत्या हाडांवर आणि खांद्यावर ताण येतो.

रॅकेटच्या आधीचे खेळ

टेनिस खेळण्यासाठी मुलाला तीन गोष्टी साधाव्या लागतात : येणारा चेंडू कोठे पडेल हे ओळखणे, तेथे वेळेवर पोहोचणे आणि तोल न जाता तो मारणे. या तिन्ही गोष्टी रॅकेटशिवाय शिकविता येतात. आणि त्यासाठी लागणारे खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळले जात आहेत.

अगदी लहान मुलांसाठी फुग्यापासून सुरुवात करावी. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे मुलाला विचार करावयास वेळ मिळतो. तळहाताने मारून फुगा जमिनीला टेकू न देणे, हा पहिला धडा. त्यानंतर चेंडू घरंगळत सोडणे आणि तो दुसऱ्याने उलट्या ठेवलेल्या टोपलीखाली पकडणे. नंतर एक टप्पा पडू देऊन दोन्ही हातांनी झेलणे. शेवटी एका हाताने झेलणे. जे मूल टप्पा पडलेला चेंडू झेलू शकते, ते लवकरच तो मारूही शकते, कारण दोन्हीसाठी योग्य जागी पोहोचणे हेच खरे काम असते.

पायांच्या हालचालीसाठी आट्यापाट्यांसारखा दुसरा खेळ नाही. पाटी अडविणारा गडी रेघेवर तोंड समोर ठेवून डावीउजवीकडे सरकतो. टेनिसपटू मागील रेषेवर नेमके हेच करतो. मैदानावर आखलेल्या रेघा आट्यापाट्यांना आयत्याच मिळतात. धावता धावता एकाएकी थांबण्याचा सराव खो-खोतून होतो आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा लंगडीतून. लगोरीत नेम धरून चेंडू फेकावा लागतो. हात खांद्यावरून मागे नेऊन केलेली ही फेकच पुढे सर्व्हिस बनते. ज्या मुलाला चांगले फेकता येत नाही, त्याला सर्व्हिसचे धडे देऊ नयेत. त्याच्याबरोबर आठवडाभर लगोरी खेळावी. लगोरी कर्नाटकातील मुलांनाही तितकीच परिचित आहे, आणि खेळाचे नावही दोन्ही भाषांत एकच आहे.

दोघांनी मिळून मोजावयाचे टप्पे

पूर्वीच्या पद्धतीत मुलाला आधी फोरहँडचा फटका तुकड्यातुकड्यांनी शिकवीत : रॅकेट मागे, पाऊल पुढे, फटका, हात खांद्यापर्यंत. खेळ नंतर, सारे फटके आल्यावर. हे म्हणजे व्याकरण संपेपर्यंत मुलाला बोलू न देण्यासारखे आहे. मूल बोलता बोलता भाषा शिकते, तसेच ते चेंडू इकडून तिकडे जाऊ लागला म्हणजे टेनिस शिकते. म्हणून पहिल्याच दिवशी मुलांनी समोरासमोर उभे राहून चेंडू परतविला पाहिजे, मग तो हाताने फेकून का असेना.

दोन मुलांना चार पावलांच्या अंतरावर उभे करावे आणि एकच काम द्यावे : चेंडू एका टप्प्याने एकमेकांकडे पाठवीत राहा आणि किती वेळा गेला ते मोठ्याने मोजा. सलग पाच झाले की दोघांनी एकेक पाऊल मागे जावे. चुकले तर एकेक पाऊल पुढे यावे. अडचण किती वाढवावयाची हे येथे शिक्षक ठरवीत नाही, खेळच ठरवितो. शिवाय समोरचा मुलगा शत्रू राहत नाही. त्याला सोपा चेंडू दिला तरच आपली संख्या वाढते, हे मुलांना न सांगता कळते.

बंगळुरात या मोजणीला एक वेगळीच गोडी येते. एकाच गटात मराठी, कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी मुले असतात. आज "ओंदु, एरडु, मूरु" म्हणत मोजावयाचे, उद्या "एक, दोन, तीन" म्हणत, असे ठरविले की महिन्याभरात प्रत्येकाला चार भाषांत वीसपर्यंत मोजता येते. बेळगावहून वा पुण्याहून नव्याने आलेल्या, शाळेत कोणाशी न बोलणाऱ्या मुलाला मैत्रीसाठी एवढे दार पुरेसे असते.

रांग मोडावी

शिकविणारा टोपलीतून एकेक चेंडू टाकीत आहे आणि मुले रांगेत उभी आहेत, हे दृश्य सर्वत्र दिसते. त्याचा हिशेब मांडून पाहावा. मुले बारा आणि प्रत्येक चेंडूस पाच सेकंद धरले, तर एका मुलाची पाळी मिनिटातून एकदा येते. तासाभरात त्याला साठ चेंडू मिळतात आणि उरलेली पंचावन्न मिनिटे ते नुसते उभे असते. अशा वेळी मुलांनी धक्काबुक्की केली तर त्यांना बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे. हीच बारा मुले चार लहान मैदानांवर तिघातिघांनी विभागली, दोघांनी खेळावे व तिसऱ्याने मोजावे, आणि दर दोन मिनिटांनी पाळी बदलावी, तर प्रत्येक मूल चाळीस मिनिटे खेळते.

शिक्षकाने बोलावे थोडे आणि दाखवावे अधिक. "कोपर चाळीस अंशांत ठेव" हे वाक्य सहा वर्षांच्या मुलास निरर्थक आहे. "दोरीवरच्या चिमणीला न लागता चेंडू पलीकडे जाऊ दे" हे त्याला कळते. एका वेळी एकच सूचना द्यावी. चूक दिसली की आधी चेंडू, अंतर किंवा लक्ष्य बदलून पाहावे. बहुतेक चुका बोलल्यावाचून दुरुस्त होतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा तास पाऊण तासापेक्षा लांबवू नये, मधूनमधून पाणी द्यावे, आणि मुले रंगात आलेली असतानाच खेळ थांबवावा. उद्या परत यावेसे वाटणे, हा आजच्या धड्याचा सर्वांत मोठा लाभ होय.

हार, जीत आणि अश्रू

मुलांना स्पर्धा आवडत नाही असे नाही. ती आपापसांत दिवसभर स्पर्धा करीत असतात. त्यांना न सोसणारी गोष्ट निराळी आहे : एकाच लांबलचक सामन्यात हरून दिवसभर बाहेर बसणे. म्हणून सामने लहान असावेत. पंधरा, तीस, चाळीस ही गणना नंतर शिकता येईल. प्रथम सात किंवा दहा गुणांचा डाव पुरे. दहा मिनिटांचा डाव संपला की जोडी बदलावी. एका सकाळी मूल सहा डाव खेळले, त्यात चार हरले आणि दोन जिंकले, तर घरी जाताना त्याच्याजवळ सांगण्यासारखे दोन्ही असते. कधी मोठ्यांच्या विरुद्ध लहानांना तीन गुण आधीच द्यावेत. कधी सर्व मुलांनी मिळून एक संघ व शिक्षक एकटा, असे करावे आणि शिक्षकाने मनापासून खेळून हरावे.

पालकांविषयी

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. मुलांचा आनंद हिरावला जातो तो पुष्कळदा कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या प्रेमळ माणसांकडून. त्यांचा हेतू चांगला असतो. दूरच्या वसाहतीतून, वाहनांच्या गर्दीतून तास-दीड तास खर्चून त्यांनी मुलाला आणलेले असते, शुल्क भरलेले असते. म्हणूनच परतताना सहज प्रश्न येतो, "आज जिंकलास की नाही?"

या संदर्भात दोन खेळाडूंची उदाहरणे विचार करण्याजोगी आहेत. अमेरिकेचा आंद्रे अगासी जगातील अग्रगण्य खेळाडू झाला. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने लिहिले, की वडिलांनी बनविलेल्या यंत्रासमोर लहानपणी रोज २,५०० चेंडू मारताना त्याला या खेळाचा तिटकारा वाटू लागला. दुसरे उदाहरण कर्नाटकातीलच आहे. रोहन बोपण्णा याचा जन्म १९८० साली बंगळुरात झाला आणि बालपण कोडगूमध्ये गेले. टेनिसकडे तो वळला तो अकराव्या वर्षी; हॉकी आणि फुटबॉलही त्याला आवडत. कॉफीच्या मळ्यांतून धावणे आणि लाकडे फोडणे हा त्याचा व्यायाम होता. बंगळुरातील कब्बन उद्यानात कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेचे जे क्रीडागार आहे, तेथे सप्टेंबर २०१४ मध्ये डेव्हिस चषकाच्या सामन्यात त्याने लिअँडर पेसच्या जोडीने पहिले दोन सेट गमावूनही सर्बियाच्या जोडीला हरविले. आणि २०२४ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद मिळवून तो जागतिक क्रमवारीत प्रथमच अग्रस्थानी पोहोचला. त्या स्थानी पहिल्यांदा पोहोचणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला.

एका-दोघांच्या उदाहरणावरून नियम बांधता येत नाही हे खरे. अगासीही जिंकलाच, असे कोणी म्हणेल. परंतु सहाव्या वर्षी घाई केली नाही तर सारे संपते, ही भीती निराधार आहे एवढे तरी यावरून निश्चित होते. शिवाय रॅकेट हाती घेणाऱ्या हजारो मुलांपैकी बहुतेक सारी विजेती होणार नाहीत. त्यांना या खेळाने काय दिले, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत उरतोच. चाळिसाव्या वर्षी संध्याकाळी मित्राला हाक मारून तासभर खेळावेसे वाटले, तर शिकविणे सार्थकी लागले. मेजर वॉल्टर विंगफील्ड याने १८७४ साली इंग्लंडमध्ये या खेळाचे एकस्व घेतले, तेव्हा तो जाळी, रॅकेटी व चेंडू पेटीत घालून विकीत असे, आणि लोक ती पेटी बागेतील करमणुकीसाठी घेत. टेनिसचा जन्म गंमत म्हणूनच झाला आहे. मुलांना ती परत देण्यात आपण काही नवीन करीत नाही.

प्रारंभी सांगितलेल्या मुलाकडे शेवटी एकदा वळू. त्याच्या वडिलांनी त्या दिवशी जिन्याशेजारी थोडा वेळ उभे राहून पाहिले. मग ते जवळ गेले, आणि मुलाला हाताला धरून नेण्याऐवजी त्यांनी विचारले, "किती झाले?" "सतरा," मुलगा म्हणाला, "पण अठरावा हिने सोडला." "मी नाही सोडला, तू जोरात मारलास," बहीण म्हणाली. वडिलांनी घड्याळाकडे पाहिले, पायरीवर बसकण मारली आणि म्हणाले, "बरं, पुन्हा एकपासून. मी मोजतो."

पालकाला आणि शिक्षकाला करता येण्याजोगे बहुतेक सर्व काही या एका वाक्यात आले आहे.